कान मुडपलेल्या कळ्या

"अगं, हे सगळं कागदाचं? मला वाटलं, खरंच बहर आलाय!" वहिनी दारातच थबकली.

दालनाच्या मधोमध पांढऱ्या कळ्यांनी लगडलेलं झाड उभं होतं. उघड्या खिडकीतून वसंतातली झुळूक आली, की सारं झाड हळूच कुजबुजायचं.

बाबांच्या औषधांच्या दुकानातून वहिनीनं नणंदेला या कागदकलेच्या प्रदर्शनाला ओढूनच आणलं होतं. आठवडाभर पोरीचं कशात लक्ष नव्हतं. कापलेल्या बोटांना लावायच्या सुट्या पट्ट्या न्यायला सारखा येणारा तो... मागल्या खेपेला म्हणाला होता, "आता गाव सोडीन म्हणतो." आणि ती म्हणाली होती, "बरं." नुसतं बरं!

एवढ्यात एक कळी सुटून तिच्या पायाशी पडली, पार उलगडलेली. तिनं ती उचलली. बोलता बोलता हातांनी सवयीनं घडी घातली, टोकं आत खोचली, वरचा कान किंचित मुडपला. झाली पुडी!

"ओ ताई, हात लावायचा नाही!" रखवालदार ओरडला.

"लावू द्या," मागून आवाज आला. "सगळ्या त्यांच्याच आहेत."

तो! बोटांना तशाच पट्ट्या... तिनं झाडाकडे नीट पाहिलं. कळीकळीला तोच मुडपलेला कान. औषध सांडू नये म्हणून बाबांनी तिला शिकवलेला.

"तुम्ही पट्ट्या बांधून द्यायचात ना, त्या पुड्या... टाकवेनात मला."

"इतक्यांदा बोट कापलं?"

"सुरुवातीला खरंच कापलं. नंतर—" तो लाजून लाल झाला, "नंतर पुडी हवी असायची."

"मी जरा ते कागदी पक्षी बघून येते हं," म्हणत वहिनी निघाली. पक्षी होते दुसऱ्याच बाजूला.

"मग... झाड घेऊन जाणार?" हातातली कळी फिरवत तिनं विचारलं.

"झाड उद्या जाईल. माझं काय... तुम्हीच 'बरं' म्हणालात."

ती कळी तिनं सावकाश रिकाम्या फांदीला अडकवली. झुळूक आली, पण कळी सुटली नाही.

"चुकून म्हणाले," ती पुटपुटली. "जाऊ नका."

तो हसला. "उद्या दुकान उघडं असेल?"

"असेल. पण बोट कापून येऊ नका..." तिनं मान खाली घातली. "तसेच या."