उल्लेख शून्य

"माफ करा... तुम्ही ज्यावर डोकं ठेवून झोपलाय ना, तो मासिकाचा अंक मला हवाय."

प्राध्यापक एमेटने डोळे उघडले. गालावर पुठ्ठ्याची रेघ उमटली होती. समोर उभ्या ग्रंथपाल थियाला हसू आलं, पण हसण्याइतकी ताकद नव्हती. लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात ती सकाळपासून तळटिपा चाळत होती. बाहेर मिनेसोटाचा एप्रिल. म्हणजे पुन्हा बर्फच.

डीनने तिला काम लावलं होतं. प्राध्यापकांचा लेख छापून आला की तो किती लवकर दुसऱ्या कुणाच्या लेखात उल्लेखला जातो, ते मोजायचं. ज्याचा उल्लेखच नाही, त्याची नेमणूक पुढे वाढणार नव्हती. एमेटचा लेख एकच. शेतातल्या चरांवरून होणाऱ्या भांडणांवर.

"माझं काय निघालं?"

"शून्य. कासव आहे तुमचा लेख."

"कासवाच्या मालकाकडून कॉफी चालेल?"

चालली. मग तो रोज दुपारी दोन कप घेऊन यायचा. "आज?" "शून्य." ते शून्य ती दिवसेंदिवस हळू आवाजात सांगू लागली.

एका संध्याकाळी तिने त्याचा लेख नीट वाचला. चरावरून कोर्टात गेलेले दोघे भाऊ, आणि त्याच चरावरून एकमेकींना घरी भाजलेला ॲपल-पाय देणाऱ्या त्यांच्या बायका... किती दिवसांनी ती एकटीच हसली! ग्रंथपालांच्या मासिकासाठी ती या मोजणीवर लिहीत होती. कुणी न पाहिलेला चांगला लेख म्हणून तिने तळटिपेत त्याचंच नाव घातलं.

ते मासिक हातात घेऊन एमेट धापा टाकत आला. "थिया! एक झाला! तुझ्याच लेखात!"

थियाने चष्मा काढला. एक आकडा लिहिला की हा माणूस इथेच राहणार होता.

"तो मी धरला नाही."

"का?"

"स्वतःचा किंवा घरच्या माणसाने केलेला उल्लेख धरायचा नाही. नियम मीच केलाय."

"पण आपण कुठे घरचे —" तो थांबला.

"लिहिताना मी तटस्थ नव्हते, एमेट... बरेच दिवस नाहीये."

तो खुर्चीत बसला. "म्हणजे नोकरी गेली."

"हो."

"फर्गस फॉल्स गावात मामाची वकिली आहे. तिथेही चरच... रविवारी तिथून कॉफी घेऊन आलो तर?"

"रविवारी ग्रंथालय बंद असतं."

"म्हणून तर विचारतोय."

थियाने त्याच्या नावापुढे शून्य लिहिलं. डाव्या हाताने, उजवा त्याने धरला होता, आणि तो सोडवून घ्यावासा तिला वाटत नव्हता.