मनकवडा हात

त्या काळात सावद्याच्या कुठल्याही लग्नात पंगतीवरून नजर फिरवली, तर चार माणसांआड एकाचा कोणता ना कोणता अवयव कारखान्यातून आलेला असे. कुणाचा कान, कुणाचा गुडघा, कुणाचा डोळा. त्याचं कुणाला नवल उरलं नव्हतं. सोयरीक जुळवताना लोक कुळाबरोबर अवयवाची कंपनीसुद्धा विचारत.

सुपडाबाई भंगाळ्यांचा उजवा हात कोपराखाली असाच होता. खरा हात केळीचे खुंट चिरणाऱ्या यंत्रानं खाल्ला, त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. तेव्हा 'बिचारी' म्हणणाऱ्या बायकांची तोंडं सुपडाबाईनं एका हंगामात बंद केली. बनावट हातावर मांडे करून दाखवले. मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. ती लाटणं फिरवून होत नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि पदरासारखा पातळ झाला की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. तिथे एक हात शहाणा आणि दुसरा मूर्ख असून चालत नाही.

तो हात चालवणाऱ्या प्रणालीला कंपनीनं ठेवलेलं नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. लोक तिला सांगकाम्या म्हणत. सांगितलं तेवढंच करायचं, आणि तेही आधी विचारून. दंडात मुंगी चावल्यासारखं होई : करू का? सुपडाबाईनं दाढ दाबली की होकार, नाही दाबली की हात गप्प. भाजीत मीठ टाकू का? टाक बाबा. तांब्या उचलू का? उचल मेल्या. मांडे करताना तर दंडात मुंग्यांचं वारूळ फुटे. दाढा झिजल्या, पण मांडा कधी फाटला नाही.

"एवढं तर आमची कुमुदही विचारत नाही," सुपडाबाई म्हणे. कुमुद तिची सून. बावीस वर्षं तिच्या चुलीपाशी होती आणि खापराला हात लावायची तिला अजून परवानगी नव्हती.

मग कंपनीनं सांगकाम्याची देखभाल बंद केली. बाजारात सगळीकडे नवी प्रणाली आली होती. वर्षभर सुपडाबाईनं जुन्यावरच रेटलं. एक दिवस मांडा हातावर पसरलेला असताना हात जागच्या जागी थिजला, आणि मांडा फाटून चुलीत गेला. शेजारपाजारच्या चार बायकांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सुपडाबाई भुसावळच्या अवयव केंद्रात हजर होती.

तिथल्या डॉक्टर मुग्धा रिसबूड पुण्याच्या होत्या. त्यांनी नवा हात टेबलावर ठेवला. "हा मनकवडा. याला हुकूम द्यावा लागत नाही."

"हुकमाशिवाय चालणारं माणूसही मी घरात ठेवलं नाही. हा कसा चालतो ते सांग."

"तुम्ही गाडीचा बैल पाहिलाय ना? गाडीवानानं हाक द्यायच्या आधीच तो पाय रोवतो. मेंदूचंही तसंच आहे. 'तांब्या उचलावा' असं तुम्हाला वाटतं, त्याच्या पापणीभर आधी मेंदूत उचलण्याची तयारी सुरू झालेली असते. आम्ही तिला पूर्वचाहूल म्हणतो. सांगकाम्या तुमच्या होकाराची वाट पाहायचा. मनकवडा चाहूल लागली की निघतो."

"म्हणजे माझ्या आधी."

"तुमच्या आधी नाही, आजी. तुम्हाला कळायच्या आधी."

"हे म्हणजे चोरानं सांगायचं, मी तुमच्या आधी नाही आलो, तुम्ही उठायच्या आधी आलो."

डॉक्टर हसल्या. "पण चाहूल तुमच्याच डोक्यातली असते. परक्याच्या नाही."

"आणि मधेच मी बेत बदलला तर?"

"असं फार कमी वेळा होतं. कुणाला मारायला मात्र हा उठत नाही. तेवढा बंद आम्ही घातलाय."

सुपडाबाईनं हात उलटापालटा करून पाहिला. "याच्यावर मांडे होतील का?"

"पहिल्यापेक्षा चांगले होतील."

"मग बसव. मले गोष्टी ऐकायच्या नाहीत."

पहिले काही दिवस घरात तमाशा झाला. जुन्या हातात काम थांबवायला मूठ उजवीकडे वळवावी लागे, नव्यात डावीकडे. त्याहून वाईट म्हणजे मनकवड्यात दाढ दाबण्याचा अर्थ होता 'पुन्हा कर'. सुपडाबाईची दाढ जुन्या सवयीनं दाबली जाई आणि झालेलं काम हात परत करी. भाजीत मीठ दोनदा पडलं. दुधाच्या पातेल्यात विरजण दोनदा गेलं.

"आत्याबाई, ही वांग्याची भाजी आहे की समुद्र?" कुमुदनं विचारलं.

"खा मुकाट्यानं. खाल्ल्या मिठाला जागशील."

पण हार मानणं तिच्या रक्तात नव्हतं. परसात बसून मांड्याऐवजी जुन्या धोतराचा ओला तुकडा ती हातांवर फिरवत राही. दाढेखाली सुपारीचं खांड धरून ठेवी, म्हणजे दाढ आपोआप मिटणार नाही. धोतर पन्नासदा मातीत पडलं, तिनं एकावन्नाव्यांदा धुऊन घेतलं. आणि एका सकाळी हात असा वळला की तिला कळलंच नाही कुठला खरा आणि कुठला बनावट. त्या दिवशीच्या मांड्यातून पलीकडचा जाळ दिसत होता. बायका गप्प झाल्या. सुपडाबाईला स्तुतीपेक्षा ती शांतता गोड लागली.

मग पुतणीचं लग्न आलं.

त्या पंगतीत मथुराबाई बसली होती. ही सुपडाबाईची धाकटी जाऊ. सासऱ्यांच्या तेराव्याला ती चारचौघांत म्हणाली होती, "ताईंचा मांडा म्हणजे गोणपाट." तेव्हापासून सुपडाबाईनं तिच्याशी शब्द बोललेला नव्हता, आणि तिच्या पानात आपला मांडा कधी वाढलेला नव्हता. हा नेम सगळ्या भावकीला ठाऊक होता. पंगतीत मथुराबाईचं पान आलं की सुपडाबाई मान वर करून पुढे जाई, आणि बायका आधीच कोपरानं एकमेकींना ढोसत.

त्या दिवशीही ती मान वर करूनच चालली होती. पण हात थांबला. परातीतला मांडा उचलून, नीट घडी घालून त्यानं मथुराबाईच्या पानात ठेवला. सुपडाबाई संतापली. संतापानं तिचे दात आवळले, सुपारी तोंडात नव्हती, दाढ दाबली गेली. हातानं दुसरा मांडा वाढला.

"घ्या वं माय!" मथुराबाई मोठ्यानं म्हणाली. "ताईंच्या तोंडाला नाही, पण हाताला तरी माणुसकी आहे!"

सगळी पंगत हसली.

दुसऱ्या दिवशी सुपडाबाईनं भुसावळच्या केंद्रात हात काढून टेबलावर आपटला. "चार माणसांत माझं नाक कापलं यानं!"

डॉक्टरांनी त्या बनावट हातात साठलेल्या नोंदी तपासल्या. "आजी, चाहूल तुमचीच होती. तुम्हाला वाढायचं होतं."

"होतंच!" सुपडाबाई ओरडली. "दर लग्नात असतं. दहा वर्षं एका चुलीवर राबलो आम्ही दोघी. तिला पाहिलं की मनात येतंच, आणि दर वेळी मी ते गिळते. येणं कुणाच्या हातात आहे, पोरी? गिळणं माझं आहे. मनात काय काय येतं ते तुले सांगितलं तर तू खुर्ची सोडून पळशील. सुनेबद्दलही येतं. कुणी तिला चांगलं म्हटलं की पोटात मिरची पडते माझ्या. बावीस वर्षं ती मिरची गिळली, म्हणून घर उभं आहे. हा तुझा हात मला गिळायला वेळच देत नाही!"

डॉक्टरांनी नोंदी बंद केल्या.

"याच्यात 'करू का' विचारायची सोय घाल," सुपडाबाई म्हणाली.

"नाही घालता येत. याची घडणच तशी नाही. आणि सांगकाम्या आता कुणी बनवत नाही." मग त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "पण काळजी करू नका. सुरुवातीला सगळे असेच चिडून येतात. काही आठवड्यांनी कुणीच येत नाही."

"काहून? हात सुधरतो?"

"हात तोच राहतो. मेंदू जुळवून घेतो. हातानं काही केलं की मेंदू पाठोपाठ म्हणतो, हे मीच ठरवलं होतं. कारणही पुरवतो. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला ते तसंच आठवतं. आम्ही त्याला उशिराचं मीपण म्हणतो."

"म्हणजे चोरानं घर बळकावायचं, आणि आपण दारात उभं राहून त्याला मालक म्हणायचं?"

"तसं नाही हो. माझ्या उजव्या डोळ्यात मनकवडाच आहे. सहा वर्षं झाली. मला तर कधीच तक्रार करावीशी वाटली नाही."

"कशी वाटेल?" सुपडाबाई म्हणाली.

डॉक्टरांचं बोट नकळत उजव्या डोळ्याकडे गेलं.

हात टेबलावर ठेवून निघून जायचं सुपडाबाईच्या मनात आलं. मग मांडे गेले. मांडे गेले की ती भावकीतली एक थोटी म्हातारी उरली. तिनं हात उचलून कोपराला चढवला. "मी पहारा ठेवीन. सुपडाबाईच्या मनावर सुपडाबाईचीच मालकी राहील. तुझा मेंदू काय म्हणतो ते मी बघते."

घरी येऊन तिनं कुमुदला समोर बसवलं. "आजपासून माझ्यावर नजर ठेव. हात आधी गेला आणि मी मागून गेले, असं दिसलं की तोंडावर सांगायचं. भीड धरायची नाही. मी चिडले तरी सांगायचं."

"मी? तुम्हाला?" कुमुद म्हणाली.

"दुसरं कोण आहे तुझ्याएवढं खमकं? ही तारीफ नाही, काम सांगतेय."

कुमुदनं काम चोख केलं. "गेला बघा, आत्याबाई," ती म्हणे. हातानं शेजारणीच्या पोराला लाडू दिलेला असे, किंवा टीव्ही बंद केलेला असे. "गेला मेला," म्हणत सुपडाबाई लाडू परत घेई, टीव्ही पुन्हा लावी. पोरं रडत, पण नियम म्हणजे नियम. दोघी सासवासुना इतक्या वर्षांत हसल्या नव्हत्या तेवढ्या त्या दिवसांत हसल्या. हळूहळू कुमुदला टोकायचे प्रसंग कमी येऊ लागले. कधी ती टोके, तर सुपडाबाई म्हणे, "नाही वं, हे मी ठरवूनच केलं." सुपडाबाईला वाटलं, आपण जिंकत चाललो.

त्याच उत्साहात तिनं जाहीर केलं की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पहिला मांडा कुमुद टाकेल.

आखाजीच्या सकाळी अंगण बायकांनी भरलं. आमरसाची पातेली तयार होती. सुपडाबाई चुलीपाशी वाकून फुंकणीनं जाळ फुलवत होती, धुरानं डोळे मिटले होते. तिच्या मागे, हाताच्या अंतरावर, परात आणि गुरांसाठी आंब्याच्या साली टाकायची बादली होती. कुमुदनं गोळा हातांवर घेतला. बावीस वर्षं ती नुसती बघत होती. ते सगळं बघणं तिच्या हातांत उतरलं. मांडा पसरला, झुलला, खापरावर निजला, फुलून आला. तिनं तो काढून परातीत ठेवला.

"वा, कुमुद!" कुणीतरी म्हणालं. "अगदी सासूसारखा!"

"सासूपेक्षा सरस म्हण!" दुसरी म्हणाली.

सुपडाबाईच्या पोटात जुन्या ओळखीची मिरची पडली. गिळायला तिनं आवंढा घेतला, पण गिळायला काही उरलंच नव्हतं. तिनं डोळे उघडून मागे पाहिलं. परात रिकामी होती. मांडा गुरांच्या बादलीत पडला होता आणि तिचा उजवा हात बादलीवरून परत येत होता.

सगळ्या बायका तिच्याकडे पाहू लागल्या. सुपडाबाईचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं. आणि मग उत्तर आलं. कुठून आलं कुणास ठाऊक, पण ऊबदार आणि सबंध आलं. कडा जाड होती. खापरावर असतानाच आपण पाहिली होती, उजव्या अंगाला, बोटभर. तिला ती कडा अगदी डोळ्यांपुढे दिसत होती.

"कडा जाड होती," ती ठामपणे म्हणाली. "असला मांडा माझ्या दारातून देवाला जाणार नाही."

कुमुद बादलीपाशी गेली. मांड्याची कडा तिनं दोन बोटांत धरून पाहिली. ती कांद्याच्या पापुद्र्याएवढी होती. कुमुद हलक्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, हात गेला. तुमचे डोळे मिटले होते."

"काय म्हणाली?"

"तुम्हीच टोकायला सांगितलं होतं. चिडले तरी सांग म्हणाला होतात."

"सांगितलं होतं. हात आपल्या मनानं गेला तर टोक, म्हणून सांगितलं होतं. हा मीच टाकला, पाहून, ठरवून. तुले माझं मन माझ्यापेक्षा जास्त कळतं का वं? बाजूला हो. दे तो गोळा इकडे."

तिच्या आवाजात कपट नव्हतं. कुमुदनं इतकी वर्षं तो आवाज ऐकला होता. खोटं बोलताना सुपडाबाई कशी बोलते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती बाजूला झाली आणि आमरस वाट्यांत ओतू लागली. त्यानंतर तिनं कधी टोकलं नाही.

दुपारी डॉक्टर रिसबूडांचा फोन आला, नव्या हाताची काही तक्रार आहे का, म्हणून.

"कसली तक्रार?" सुपडाबाई अभिमानानं म्हणाली. "आता तो पुरता माझ्या हुकमात आहे."