राजाचा काळा झगा

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण आमचा राजा मेला त्या सकाळी राजवाड्याच्या उत्तरेकडच्या दालनात जे झालं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

राजाचं नाव दुओ. आता बिनधास्त घेतो. तो जिवंत असताना घेतलं असतं तर जीभ छाटली असती.

दोन्ही थोरल्या भावांना मारून तो गादीवर बसला. मग आपल्यालाही कुणीतरी तसंच मारेल म्हणून जन्मभर घाबरत राहिला. त्याचं जेवण आधी कुत्र्याला, मग आचाऱ्याला, मग त्याला. त्याच्या राज्यात तटबंद्या वाढल्या आणि माणसं कमी झाली.

मी त्याचे कपडे सांभाळायचो.

पूर्वजांच्या पूजेला राजाने रथातून जायचं असतं, सगळ्या गावासमोर. एवढी त्याची छाती नव्हती. माझा धाकटा भाऊ तुन त्याच्याच अंगकाठीचा. मग पूजेचा काळा झगा तुनच घालायचा. मुकुटापुढे मण्यांची झालर, चेहरा कुणाला दिसतोय? खरा राजा मागून घोडेवाल्याच्या कपड्यांत चालायचा. कित्येक वर्षं हेच चाललं. राजाने तो झगा एकदाही अंगाला लावला नाही.

गेल्या शरदात पूजेच्या वाटेवर बाण आला. तुनच्या छातीत.

"राजाला काहीही झालेलं नाही," अशी दवंडी पिटली. खरंच होतं ते.

मग मेलं कोण?

कुणीच नाही. आणि जो मेलाच नाही त्याच्यासाठी रडायचं नाही. त्याला हाकही मारायची नाही.

आमच्यात माणूस गेला की त्याच्या अंगावरचा कपडा घेऊन कुणीतरी छपरावर चढतं. उत्तरेकडे तोंड करून तीनदा हाक मारतं. आत्मा आपला कपडा ओळखतो आणि परत येतो, असं म्हणतात. तुनला ती हाक मिळाली नाही. आई तेवढ्यासाठीच झुरत होती.

"माझं पोर कुठं भटकत असेल रे..." रोज हेच.

आणि हिवाळ्यात राजा मेला. साध्या खोकल्याने.

प्रधान म्हणाले, "काळा झगा घे आणि वर चढ. पूजेचाच झगा लागतो."

"प्रधानजी, तो झगा..."

"काय झालं त्याला? उंदरांनी खाल्ला?"

खरं बोललो असतो तर तिथेच मान उडाली असती. मी चढलो.

छपरावर बर्फ होतं. खाली सगळे माना वर करून उभे.

"दुओ! परत ये!"

काहीच नाही.

"दुओ! परत ये!"

वारा एकदम पडला... आणि हातातला झगा जड झाला. कुणीतरी आतून बाह्यांत हात घालत असावं तसा.

तिसऱ्यांदा तोंडाने राजाचं नाव घेतलं. मनात मात्र तुनच होता. खोटं कशाला बोलू?

झगा खाली फेकला. खालच्या नोकरांनी तो पेटीत झेलून आत नेला, राजाच्या प्रेतावर पांघरला. मी धावत दालनात आलो.

सगळे वाट बघत होते.

प्रेताचे ओठ हलले...

"दादा..."

आवाज राजाच्याच घशातून येत होता. पण बोलणं राजाचं नव्हतं.

"दादा... बाण काढ ना. दुखतंय."

युवराज पांढराफटक पडला. "काकांना हाक मारतायत! मारलेले भाऊ आलेत न्यायला! तोंड भरा त्यांचं, आत्ताच!"

मृताच्या तोंडात धान्य आणि जेडचे खडे घालायचे असतात, मुलाने स्वतःच्या हाताने. पण सावकाश, आदराने. युवराजाने मुठी भरभरून राळे कोंबले.

"थांबा!" मी ओरडलो. "तो जिवंत आहे! तो माझा..."

मागून दोघांनी माझं तोंड दाबलं. प्रेताचे डोळे माझ्याकडे वळले होते. मग ते थांबले.

प्रधानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बघा, याला म्हणतात स्वामीनिष्ठा!"

मला बढती मिळाली. आता वस्त्रागाराचा मुख्य मीच. थू!

राजा कुठे गेला, कुणाला माहीत. हाक त्याच्या नावाने गेली, पण झगा त्याचा नव्हताच. हल्ली कपडे घडी करताना पाठीमागे कुणीतरी खोकतं... वळून पाहिलं तर कुणी नसतं.

पण भीती त्याची नाही वाटत.

आई रोज दाराशी बसते. काल पुन्हा म्हणाली, "एकदा कुणी नुसती हाक मारली असती ना, तर धावत आला असता माझा तुन."

"आत चल आई, गारठा आहे," एवढंच मी म्हणतो.

तो आला होता, हे तिला कसं सांगू?