भुऱ्याचे दहा दिवस

भुऱ्यानं त्या माणसाच्या पोटरीत दात रोवले तेव्हा मी दहा पावलं मागे होते. ओरडायलाही सुचलं नाही. सायकल आडवी झाली, माणूस खाली बसला, आणि भुऱ्या कान पाडून माझ्या मागे येऊन उभा राहिला.

चौसष्ट सालचा, दिवाळीनंतरचा शनिवार होता तो. बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच बाई म्हणून लागले होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की देऊळघाटला घरी जायचं, रविवारी संध्याकाळी परत यायचं. कंडक्टर कुत्र्याला एसटीत घेत नसे, म्हणून आम्ही दोघं पायीच निघायचो. तुरीच्या, कापसाच्या वावरांमधून दोन-अडीच कोस चालायचं. आठवडाभर मी त्या चालण्यासाठीच जगायची म्हणा ना.

"साबण आहे का तुमच्याजवळ?" त्यानं विचारलं. शिवी नाही, आरडाओरडा नाही... आधी साबण.

घरी न्यायला घेतलेली वडी मी काढून दिली. जवळच्या विहिरीवर त्यानं पाय धुतला. मी पाणी ओतत होते.

"हा असा नाही हो," मी म्हटलं. "आजवर कोणालेच चावला नाही."

"म्हणजे मीच पसंत पडलो त्याले," तो म्हणाला. हसताना त्यानं वर पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं.

त्याचं नाव निवृत्ती. अमडापूरचा. मलेरिया खात्यात होता. गावोगाव फिरून तापाच्या माणसांचं रक्त तपासायला न्यायचा आणि आल्याची तारीख दारावर लिहायचा.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, कुत्रं बांधून ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिलं तर काळजी नाही. आजारी पडलं, मेलं, पळालं, तर लगेच पोटात चौदा इंजेक्शनं. एक मंगळवार सोडून पुढच्या मंगळवारी दहा दिवस पुरे होणार होते.

माझ्या रामरावकाकांना हे कळलं तसे ते देऊळघाटहून माझ्या खोलीवर आले. "त्याले आजच संपवतो," म्हणाले. "पिसाळलं असलं म्हणजे?"

"मारलं तर कसं कळन पिसाळलं व्हतं का नव्हतं?" निवृत्ती दारातून म्हणाला. तो नेमका तेव्हाच आला होता. "चावलं मले. म्या म्हणतो, राहू द्या."

काका गुरगुरत गेले. मी निवृत्तीला चहा दिला. बशी धरताना माझ्या लक्षात आलं, दोन दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला होता.

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. घरमालकीण वच्छलाबाई ओट्यावर गहू निवडत बसलेल्या असत, म्हणून तो अंगणातूनच विचारायचा.

"जेवला का?"

"हाव. भाकर खाल्ली."

"अन् तुम्ही?"

"कुत्र्याची चौकशी कराले आले ना तुम्ही?"

"त्याची झाली. आता दुसऱ्याची करून राह्यलो."

वच्छलाबाईंच्या सुपातला हात थांबायचा. मी घाईघाईनं आत यायची आणि दाराआड उभी राहून त्याच्या सायकलची घंटी ऐकायची. पण घंटी दूर गेली की मनात यायचं... या माणसाला काही झालं तर? मी रात्रीतून उठून भुऱ्याच्या अंगावर हात ठेवून बघायची. आणि मला कळेना, मी नक्की कोणासाठी घाबरतेय.

सातव्या दिवशी, शनिवारी, भुऱ्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. पाणीही नको. कोपऱ्यात बसला, तोंडातून लाळ गळत होती.

दुपारी निवृत्ती आला. देऊळघाटला दोन दिवस मुक्कामाला चालला होता. "खाल्लं का?" त्यानं विचारलं.

"हाव," मी म्हटलं.

का म्हटलं? खरं सांगितलं असतं तर ओट्यावरच्या वच्छलाबाईंनी ऐकलं असतं. तासाभरात चार माणसं काठ्या घेऊन आली असती. भुऱ्या वाचावा म्हणून मी बोलले. सायकल वळणावर दिसेनाशी झाली. मी त्याचा एक दिवस चोरला होता. इंजेक्शनाला एक दिवस उशीर झाला तरी माणूस हातचा जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलेलं होतं.

रविवारी उजाडताच भुऱ्याला लांब दोरीनं बांधून मी देऊळघाटच्या रस्त्याला लागले. त्याला मागे ठेवायची हिंमत नव्हती. तो चालत होता, मध्येच बसत होता, पुढच्या पायानं तोंड खाजवत होता. तुरीच्या फुलांवर दव होतं. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. कोणी समोरून आलं की मी दोरी आखडून वावरात उतरायची.

निवृत्ती एका दारावर खडूनं तारीख लिहीत होता. मला पाहून त्याचा हात तसाच राहिला.

"कालपासून खाऊन नाही राह्यला," मी दुरूनच सांगितलं. "पाणीही नाही. काल मी खोटं बोलले. तुम्ही बुलढाण्याले चला... आत्ता. इंजेक्शन घ्या."

त्यानं दारावरची तारीख पुरी केली. मग खडू खिशात टाकून सायकल घेतली. "चला."

तो सायकलवर बसला नाही. हातात धरून माझ्या बरोबरीनं चालत राहिला; भुऱ्या दोरीच्या टोकाला.

"तुम्ही पुढं जा ना," मी म्हटलं.

"जातो. तुम्हाले एकटं सोडून?" थोडं चालून तो म्हणाला, "एक मलेही सांगायचं हाय. त्या दिवशी माझं चाक त्याच्या पंजावरून गेलं होतं. म्हणून चावला तो."

मी थांबलेच. "मग तवाच काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, तुमचीच चूक, जा घरी." तो सायकलच्या हँडलकडे बघत होता. "मले रोज यायचं होतं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. रडू आलं. त्यानं रुमाल पुढे केला, तो घेताना बोटं लागली... आणि आम्ही दोघंही रस्त्याकडे बघत चालू लागलो.

"भेव वाटते का?" मी विचारलं.

"हाव," तो म्हणाला. "लय."

दवाखान्याच्या अलीकडे ढोरांचे डॉक्टर नारायणराव राहात. आधी त्यांना दाखवू, असं निवृत्ती म्हणाला. नारायणरावांनी हातात चामडी मोजे चढवले, भुऱ्याला खांबाला आवळला, जबड्यात आडवं लाकूड दिलं. मी डोळे मिटले. चिमट्याचा आवाज, भुऱ्याचं केकाटणं... मग शांतता.

"हे पाहा," नारायणराव म्हणाले. चिमट्यात हाडाचा बोटभर तुकडा होता. "टाळूले आडवं अडकलं होतं. खाईन कसा बिचारा? बाकी काही दिसत नाही. तरी मंगळवारलोग बांधूनच ठेवजा."

भुऱ्या पाणी प्यायला लागला. थांबेचना. मी भिंतीला टेकून खालीच बसले.

मंगळवारी संध्याकाळी निवृत्ती आला तेव्हा भुऱ्या शेपटी हलवत उभा होता. आज त्यानं काही विचारलं नाही. बराच वेळ अंगणातच घुटमळला.

"दहा दिवस झाले," शेवटी म्हणाला.

"झाले."

"आता उद्या काय कारण सांगून येऊ, बाई?"

ओट्यावर वच्छलाबाईंचं सूप केव्हाचं थांबलं होतं. तरी मी पायरी उतरून खाली आले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"उद्या नका येऊ. रविवारी देऊळघाटले या. बाबा घरी असतात... अन् येताना तुमच्या आईले घेऊन येजा."