पाऊल ओळखणारी फरशी

करंजवडे विमानतळावर कर्मचाऱ्यांची झडती बंद होऊन सहा वर्षं झाली होती. प्रवासी अजूनही बूट काढत, कमरेचे पट्टे सोडत, बाळांच्या दुधाच्या बाटल्या यंत्रातून सरकवत. पण त्याच इमारतीच्या मागच्या अंगाने चार हजार माणसं रोज न थांबता आत जात. सामान बाहेरच्या कपाटात ठेवायचं आणि बारा मीटरची एक अरुंद वाट चालून जायचं, एवढंच त्यांचं काम. त्या वाटेवरच्या काळसर फरशीखाली दाब मोजणारे हजारो बारीक तंतू पसरलेले होते. टाच कशी टेकते, भार कुठल्या चवड्यावर जातो, दोन पावलांत किती वेळ जातो, हे सगळं मिळून प्रत्येकाची एक चाल बनते आणि ती अंगठ्याच्या ठशाइतकीच वेगळी असते. तिला तिथे ‘चालओळख’ म्हणत आणि फरशीला ओळखफरशी. कुणी अंगावर पाव किलो जरी लपवून आणलं तरी चाल बदले, हिरवा दिवा पिवळा होई आणि बाजूच्या खोलीत तपासणी होई.

केतकी डोईफोडे विमानात चढवायच्या जेवणाच्या गाड्या भरायची. तिला दिवस गेले तेव्हा तिने ते नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नाही. गरोदर बाईला आतल्या भागात काम द्यायचं नाही असा नियम होता आणि एकदा बाहेर काढलेल्या बाईला कंत्राटदार परत घेत नसे. आपलं गुपित फरशीच फोडणार, अशी तिची खात्री होती. रोज सकाळी पहिलं पाऊल टाकताना तिचा जीव मुठीत असे.

दिवा रोज हिरवा लागला. चौथा महिना संपला, पाचवा लागला, वजन साडेचार किलोंनी वाढलं, तरी हिरवाच. केतकीला त्या फरशीबद्दल माया वाटू लागली. बाई बाईला सांभाळून घेते तशी ती आपल्याला सांभाळून घेते आहे, असं तिला वाटे.

मग एका मंगळवारी तिने काचेपलीकडे एक म्हातारी पाहिली. तिची काठी तपासायला नेली होती आणि ती भिंतीला धरून, पाय थरथरत उभी होती. त्या काठीत काही असेल म्हणून एवढा बंदोबस्त, आणि आपल्या पोटावरचे साडेचार किलो कुणाला दिसले नाहीत. केतकी गाडी ढकलता ढकलता थांबली.

चार दिवस ती गप्प राहिली. बोलायचं तर पुरावा म्हणून स्वतःचं पोटच पुढे करावं लागणार होतं. पाचव्या दिवशी ती डॉ. मुकुंद वाळिंबे यांच्या खोलीत गेली. ओळखफरशी त्यांनीच घडवली होती, आणि साहेबांसाठी वेगळं दार असूनही ते रोज कर्मचाऱ्यांच्याच वाटेने येत.

वाळिंबेंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं की ही फरशीतली चूक नव्हे, ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे. माणसाचा देह रोज बदलतो. म्हणून फरशी आजची चाल कालच्या चालीशी ताडून पाहते आणि आपली आठवण रोज जराशी दुरुस्त करते. बदल एकदम झाला तर ती अडवते, हळूहळू झाला तर सोडून देते.

“माणसांना थोडी सूट द्यावीच लागते, केतकीताई,” ते म्हणाले. “नाहीतर दिवाळीनंतर अर्धा विमानतळ पिवळ्या दिव्यात अडकेल.”

“सर, माझं बाळ तिने रोज थोडं थोडं करून आत घेतलं,” केतकी म्हणाली. “तसंच कुणी दुसरं काही आणलं तर?”

आपल्या कामाची बाजू घ्यावी असं वाळिंबेंच्या मनातही आलं नसावं. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि चार हजार माणसांच्या वजनाचे आलेख उघडून ते तिच्याबरोबर एकेक पाहू लागले. सणांना चढणाऱ्या, तापात उतरणाऱ्या लाटाच लाटा होत्या. संध्याकाळी एक रेघ सापडली, पट्टीने आखल्यासारखी सरळ. विमानांची देखभाल करणारा एक कारागीर एकशे अठरा दिवस रोज तीस ग्रॅमने वाढत होता.

“देह असा वाढत नाही,” वाळिंबे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याला अडवलं. कमरेच्या पट्ट्यात साडेतीन किलो शिशाचे छर्रे शिवलेले होते. बाकी काही नव्हतं. फरशीला वजनाची सवय लाव, शिशाच्या जागी काय न्यायचं ते मागाहून कळवू, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. काय न्यायचं होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात केतकीचा आत जायचा पास काढून घेतला गेला. वाळिंबेंनी वर लिहून कळवलं की जे आम्हा शिकलेल्यांना सहा वर्षांत दिसलं नाही ते या बाईने स्वतःचं नुकसान करून दाखवलं; तिला ठेवा आणि तो नियम काढा. नियम निघाला नाही. केतकीला मात्र वाटेच्या बाहेरच्या टोकाला, फरशीच्या नोंदी दाखवणाऱ्या पडद्यासमोर खुर्ची मिळाली.

दोन महिन्यांनी नवी पद्धत सुरू झाली. आता फरशी आजची चाल कालच्या नव्हे, पहिल्या महिन्यातल्या चालीशी ताडून पाहणार होती. सूट संपली. ज्याने नियम केला त्याने आधी चालावं, असं म्हणून त्या सकाळी वाळिंबे रांगेच्या पुढे झाले. रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती.

दिवा पिवळा लागला.

ते हसले, मागे गेले, पुन्हा चालले. पुन्हा पिवळा. एखादा तंतू बिघडला असेल, सुरक्षा अधिकारी म्हणाला, आणि त्याने केतकीकडे पाहिलं. तिच्यासमोर एक कळ होती. पडद्यासमोर बसलेल्या माणसाने ती दाबली की ‘मी यांना ओळखते’ असं नोंदलं जाई आणि दिवा हिरवा होई. या माणसाला ती ओळखत नव्हती तर कुणाला? तिने आलेखाकडे पाहिलं. डावा पाय किंचित घासत होता. ती कळीवरचा हात काढून मांडीवर ठेवून बसली.

“बरोबर केलंत,” असं म्हणत वाळिंबे पडद्यापाशी आले आणि वाकून रेघा वाचू लागले. आजारी माणसांच्या चालींचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला होता. कंपवाताची सुरुवात कशी दिसते ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

“कधीपासून आहे बघा बरं,” ते म्हणाले.

केतकीने जुन्या नोंदी मागे मागे नेल्या. “अकरा महिने, सर.”

त्यांनी मान हलवली. तिच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि ते तपासणीच्या खोलीकडे निघाले. जाता जाता त्यांनी रांगेतल्या पहिल्या माणसाला, या, अशी खूण केली. त्या माणसाने समोरच्या काळसर फरशीकडे पाहिलं, पाऊल उचललं, आणि ते तसंच अधांतरी धरून तो उभा राहिला.