अकराव्या खाटेची चिठ्ठी

मिशनच्या दवाखान्यात रोज दुपारी चार वाजता गुरुजी येत. छत्री दाराशी टेकवत, चष्मा पुसत, आणि लाकडी पेटीत पडलेल्या चिठ्ठ्या खिशात घालून बायकांच्या वॉर्डात शिरत. बावीस वर्षांचा नेम होता. आधी शाळेची नोकरी सांभाळून, मग निवृत्तीनंतर.

चिठ्ठ्यांची पद्धत त्यांनीच घातलेली. नातेवाइकांनी रोग्याविषयी चार ओळी लिहून पेटीत टाकायच्या. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी रोग्याच्या डोक्यावर हात ठेवून त्या वाचायच्या आणि प्रार्थना करायची. आजाराचं नाव मात्र लिहायचं नाही. "आजार डॉक्टरांना ठाऊक असतो," ते सांगत. "माणूस कोण आहे ते लिहा. पत्ता नीट असला की पत्र पोचतं." रविवारच्या शाळेत मुलांनाही ते हेच शिकवत. शिवाय, चिठ्ठी आदल्या दिवशी घरी मोठ्याने वाचून पाहायची, हा त्यांचा स्वतःपुरता नियम होता. अडखळत वाचलेलं त्यांना खपत नसे, मग ऐकणारा देव का असेना.

पत्र पोचतं की नाही, ही चौकशी मात्र त्यांनी अलीकडे सोडली होती. बरी होणारी माणसं बरी होत, जाणारी जात. प्रार्थनेने इकडचं तिकडे झालेलं या गणिताच्या मास्तरांना कधी दिसलं नव्हतं. डोक्यावर हात ठेवला की माणूस जरा शांत होतं, एवढं खरं होतं. तेवढ्यासाठी ते पाय ओढत येत राहिले.

त्या सोमवारी सकाळी ते दफनाला गेले होते. अकरा नंबरच्या खाटेवरची शिवणकाम करणारी बाई रविवारी पहाटे गेली. तिच्या दोन्ही मुली रविवारच्या शाळेतल्या. थोरली तेरा वर्षांची, कोरड्या डोळ्यांनी उभी होती. धाकटी पाच वर्षांची, ती मावशीच्या कडेवरून दिसेल त्याला विचारत होती, "आई कधी उठणार?" कोणी उत्तर देईना, तेव्हा तिने गुरुजींना विचारलं. गुरुजींनी आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. त्या दिवशी त्यांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

दुपारी ते वॉर्डात आले तेव्हा अकरा नंबरवर दुसरी बाई होती. साठीची, आडव्या बांध्याची, डोक्याला पट्टी, डोळे मिटलेले.

"काल हमरस्त्याच्या कडेला सापडली," सिस्टर म्हणाल्या. "शुद्ध नाही. कोण, कुठली, काही पत्ता नाही. हिची चिठ्ठी कोण लिहिणार? तुम्ही पुढे चला, गुरुजी. आज तुम्हीच एखादी खाट धराल असं दिसतंय."

"हात तरी ठेवतो."

त्यांनी हात ठेवला. दुसरा हात सवयीने खिशात गेला, चिठ्ठी बाहेर आली, आणि जीभ आपली आपण चालू लागली. शिवणकाम करते. डावखुरी आहे. दोन मुली आहेत. धाकटीला आईच्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोप येत नाही.

इथे गुरुजींच्या लक्षात आलं की चिठ्ठी आधीच्या बाईची आहे. थांबायला हवं होतं. पण पुढची ओळ होती, 'मुलींना त्यांची आई परत दे', आणि ती त्यांना गिळवेना. सकाळपासून अडकलेलं सगळं त्या ओळीबरोबर बाहेर आलं. बावीस वर्षं ते प्रार्थना म्हणत आले होते. त्या दुपारी त्यांनी मागितलं. मिळणारच, असं धरून मूल मागतं, तसं.

"आमेन," शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली.

गुरुवारी अकरा नंबरने डोळे उघडले. आधी पाणी मागितलं, मग कात्री. सिस्टरनी गंमत म्हणून बँडेजची कात्री पुढे केली. बाईने ती डाव्या हातात घेतली, उघडमीट करून पाहिली आणि परत दिली.

"ही उजव्या हाताची. माझी मशीनच्या खणात आहे. आणि निळ्या कापडाचे दोन फ्रॉक तसेच राहिलेत हो. कापड गादीखाली ठेवलंय, चुरगळेल."

डॉक्टरांनी गुरुजींना समजावलं. "बेशुद्ध माणसाला ऐकू येतं. तुम्ही वाचलंत, तिने उचललं. डोक्याला मार आहे, महिन्याभरात उतरेल."

"निळं कापड चिठ्ठीत नव्हतं."

"मग वॉर्डात कोणी बोललं असेल. इथे कोणाच्या जिभेला हाड आहे?"

गुरुजींना ते पटलं. म्हणजे त्यांनी ते पटवून घेतलं.

पण बातमी कानोकानी झाली. पाळकसाहेबांनी उपासनेत देवाचे आभार मानले तेव्हा गुरुजी बाकाच्या फळीकडे बघत राहिले. सोमवारी मावशी मुलींना घेऊन दवाखान्यात आली. तिला ते नको होतं, पण धाकटीने जेवण सोडलं होतं.

धाकटी खाटेजवळ गेली. अनोळखी तोंडाकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग ती वर चढली, बाईच्या उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि झोपली. बाईचा डावा हात तिच्या पाठीवर थोपटत राहिला.

थोरली दाराशीच थांबली होती. "कापड गादीखालीच होतं, गुरुजी," ती म्हणाली. "मलाही माहीत नव्हतं."

मंगळवारी त्या बाईचा मुलगा आला. ट्रक ड्रायव्हर, दाराएवढा उंच, टोपी हातात चुरगळलेली. नऊ दिवस रस्त्यावर होता. घरी आला तर दाराला कुलूप. विचारत विचारत इथवर पोचला होता. खाटेशी वाकून तो म्हणाला, "आई, मी."

"बसा ना, भाऊ," बाई म्हणाली. "कोणाला शोधताय?"

तो बाहेर येऊन गुरुजींसमोर उभा राहिला. "लोक म्हणतात, तुमच्या प्रार्थनेने बरी झाली. बरी झाली खरी. पण कोणाची?"

गुरुजींनी त्याला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं, खिशातल्या चिठ्ठीसकट. त्यांना वाटलं, हा आता अंगावर येईल. त्याने टोपी मांडीवर ठेवून सरळ केली.

"मग माझीही चिठ्ठी घ्या," तो म्हणाला. "गुंता तुम्ही केलात, तुम्हीच सोडवा. मला दुसरं कोणी नाही."

गुडघ्यावर कागद ठेवून, तिसरीतल्या मुलासारखी मोठी मोठी अक्षरं काढत त्याने लिहिलं. निळं कापड द्यायला आलेली थोरली पलीकडच्या बाकावर बसून सगळं ऐकत होती. तो गेल्यावर ती उठून आली.

"वाचा, गुरुजी. आमची आई मातीत आहे, मला माहीत आहे. त्यांची त्यांना द्या. धाकटीला मी सांगेन."

"काय सांगशील?"

"तुम्ही त्या दिवशी चष्मा पुसलात ना, तसंच काहीतरी."

गुरुजींचं घर पहिल्या मजल्यावर होतं. घरात दोघंच, मूलबाळ नव्हतं. बायकोचे गुडघे कामातून गेलेले. कडी वाजवली की भिंत धरत ती दारापर्यंत येईतो गुरुजी बाहेर वीसपर्यंत आकडे मोजत. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे, ती एकटीच 'अहो'.

त्या संध्याकाळी ती शाल पांघरून खुर्चीत बसली होती, गुडघ्यांना तेल चोळत. गुरुजी चिठ्ठी घेऊन समोर बसले.

"आज एवढी तयारी? देव तुमचा पेपर तपासणार आहे की काय?"

"मागच्या वेळी चूक झाली. या वेळी एक अक्षर हलता कामा नये."

"मग नीट करा सराव. हात ठेवा माझ्या डोक्यावर. बसल्या बसल्या माझ्याही गुडघ्यांचं भलं होऊ द्या."

त्यांनी तिच्या विरळ केसांवर हात ठेवला आणि वाचलं. एकुलता एक मुलगा. वडील कधीच गेले. तो रस्त्यावर असला की शालीच्या दशांना रोज एक गाठ मारते, तो आला की सोडते. पाण्याच्या पेल्यावर झाकण ठेवून देते. या वयातही जिना धावत उतरते. हिच्या मुलाला त्याची आई परत दे.

वाचताना ड्रायव्हरची चुरगळलेली टोपी डोळ्यांपुढे आली, आणि थोरलीचे कोरडे डोळे. सराव आहे हे ते विसरले. त्या सोमवारसारखंच पुन्हा आतून काहीतरी सुटलं आणि त्यांनी मागितलं.

"आमेन," बायको म्हणाली. घरात कुठलीही प्रार्थना झाली की ती म्हणायचीच. डोळे मिटलेले होते तिचे. "छान वाचलंत, अहो."

बुधवारी सकाळी ती उठायच्या आधीच ते निघाले. ड्रायव्हर दवाखान्याच्या पायरीवर वाट बघत होता. गुरुजींनी अकरा नंबरच्या बाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि एकदाही न अडखळता सगळं वाचलं.

बाईने मांडीवरचं निळं कापड बाजूला ठेवून, हात जोडून ऐकलं.

"आमेन," ती म्हणाली. "बिचारा. सापडो त्याला त्याची आई." आणि डाव्या हाताने पुन्हा सुई ओवली.

ते तासभर थांबले. काही झालं नाही. गुरुजींना आत कुठेतरी हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. नेहमीसारखंच झालं होतं. पत्र पोचलं नव्हतं.

"चला, घरी सोडतो तुम्हाला," ड्रायव्हर म्हणाला. "तासभर उभेच आहात तुम्ही."

"मग चहा तरी घेऊन जा. बायको करेल."

त्याने त्यांना दाराशी उतरवलं आणि गाडी वळवायला पुढे नेली. गुरुजी कठडा धरून जिना चढले. कडी वाजवली आणि मोजू लागले. एक. दोन.

दार उघडलं.

बायको उभी होती. भिंत न धरता.

"कोण हवंय?"

तिला थट्टेची सवयच होती. "दमलोय गं," गुरुजी म्हणाले. "खाली पाहुणा आहे. चहा टाक."

"दवाखान्यातले गुरुजी ना तुम्ही?" ती अदबीने बाजूला झाली. "या, बसा. माझा मुलगा येईलच इतक्यात."

ते त्यांच्याच खुर्चीत बसले. तिने पाणी आणलं. पेल्यावर झाकण होतं.

तिच्या शालीच्या दशांना गाठी मारलेल्या होत्या. बारीक, घट्ट, एका ओळीत. गुरुजींनी मोजल्या. नऊ होत्या.

"अगं," त्यांनी हाक मारली.

कोणाला बोलावताहेत हे बघायला तिने मागे वळून पाहिलं.

खाली ट्रकचा भोंगा वाजला. तिची बोटं लगेच गाठींवर गेली आणि चालता चालता एकेक सोडू लागली. मग जिन्यावर तिची पावलं वाजली, भराभर, धावत.

गुरुजी मोजत होते. चारपर्यंत पोचले तोच खालचं दार उघडलं.

ट्रकचं इंजिन बंद झालं.

मग खालून ड्रायव्हरचा आवाज आला. हळू, लहान मुलासारखा.

"आई?"