बसलेला सांगाडा

हे घडलेलं आहे. तारखा माझ्या वहीत आहेत. गावाचं नाव लिहू नकोस, असं मामांनी बजावलंय. रेणापूर तालुका, नदीकाठ, एवढं पुरे.

१४ मार्च २०२३. मंगळवार. दुपारचे दोन.

गुरुबसप्पा मामांच्या शेतात अश्मयुगातल्या वस्तीचं उत्खनन चालू होतं. मी बातमीसाठी गेलो होतो. आठ फुटांवर एक सांगाडा लागला.

बसलेला. गुडघे छातीशी. डोक्यावर आणि खांद्यांवर तीन जड दगड.

मामांनी हात जोडले. "आमचाच पूर्वज हाय. आम्ही लिंगायत, बसवूनच पुरतोत."

"मामा, हा दहा हजार वर्षांपूर्वीचा असेल," उत्खननाच्या प्रमुख जेबा मॅडम म्हणाल्या. "आणि याला बसवलेलं नाही. दाबलंय."

"दहा हजार! बारशाला गेल्ता का त्याच्या?" मामांचा मुलगा महांतेश हसला.

बुधवारी मॅडम नमुने घेऊन लातूरला गेल्या. परत आल्यावर त्या सांगाडाही पेटीतून नेणार होत्या.

"आमचं माणूस पेटीत घालून न्यायचं? चालायचं न्हाई," मामा म्हणाले. त्यांनी महांतेशला खड्ड्यात उतरवलं. त्यानं दगड बाजूला केले. सांगाडा उचलून घरच्या समाध्यांजवळ नव्या खड्ड्यात बसवला. विभूती लावली, बेल वाहिला, माती लोटली.

गुरुवारी सकाळी ती माती खचलेली होती…

उकरून पाहिलं, तर खाली काहीच नव्हतं. एक हाडही नाही.

त्या दुपारी महांतेश जेवायला बसला. त्याला उठता येईना. गुडघे सरळ होईनात.

मामांनी आणि मी पाय ओढले… तो किंचाळला.

रात्रीपर्यंत गुडघे छातीला भिडले.

शुक्रवारी सकाळी नऊ चाळीसला डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं. वय सव्वीस.

समाधीत त्याला बसवावं लागलं नाही. तो बसलेलाच होता.

दुपारी चारला माती लोटली. ती डोक्याच्या वर गेली आणि…

"आई…"

खालून.

"आई, काढ की गं."

उमाबाई मामी मातीवर पडली. नखांनी उकरू लागली. "माझं लेकरू हाय! जित्तं हाय!"

मामांनी तिला मागं खेचलं. "त्यो न्हाई. त्या खड्ड्यातलं कुठं गेलं, कळंना का तुला? त्याच्यात शिरलंय ते." मग माझ्याकडं वळले. "धर हिला."

मी धरलं.

मामांनी फावडं उचललं. माती द्यायला आलेले बाकीचे चौघे मागं सरले होते. ते एकटेच माती लोटत राहिले.

चार बावीसला आवाज थांबला.

मामी अजून विचारते, "तू पेपरात लिहितूस. खरं सांग, आत कोण होतं?"

मी सांगतो, महांतेश नव्हता.

शेवटची हाक आईला नव्हती, हे मात्र मी तिला सांगितलेलं नाही. ती रडत होती, तिला ऐकू गेली नाही. मला गेली.

"पेपरदादा…"

या नावानं मला एकच जण चिडवायचा.